तेहतीस गुणांची शुभदा

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की त्यांत सरस कोण हे ठरवल्याशिवाय माझ्या मामेसासऱ्यांना घास गोड लागत नसे. माझ्या लग्नात त्यांनी मला आणि माझ्या साडूला फोटोसाठी शेजारी उभं केलं, चष्मा पुसून दोघांना न्याहाळलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "हे उन्नीस, ते बीस. पण हे स्वभावाने बरे वाटतात." तेव्हापासून आमच्या घरात मी उन्नीसच आहे. त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांच्याकडे प्रत्येक निकालाला कारणं असत आणि ती सगळी सांगितल्याशिवाय ते माणसाला उठू देत नसत.

मामा पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. निवृत्त झाल्यावर उज्जैनच्या माधव नगरातल्या निम्म्या मराठी घरांच्या पत्रिका जुळवण्याचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं. छापील तक्ते, आठ रकाने, छत्तीस गुण, आणि शेवटी नकाशावर काढत तशी सुबक सही. याच सुमारास शेजारच्या शुभदाने त्यांच्या भिंतीवर बास्केटबॉल आपटायला सुरुवात केली. पोरगी सोळा वर्षांची, उंची पाच फूट नऊ इंच. दोन वर्षं मामांनी ती धपधप सोसली. तिसऱ्या वर्षी तक्रार करायला म्हणून तिच्या मागोमाग मैदानावर गेले, ते सामना संपेपर्यंत परतलेच नाहीत. घरी येऊन मामींना एवढंच म्हणाले, "पोरगी कमाल आहे हं. आता फक्त हे पाहायचं, की कोणापेक्षा."

पाहायला त्यांच्याकडे साधन होतंच. पत्रिकेच्याच छापील तक्त्यावर ते खेळाडू मांडू लागले. वर्णाचा एक गुण त्यांनी उंचीला दिला, कारण उंची देवाची, त्यात पोरीचं काय कर्तृत्व. ग्रहमैत्रीचे पाच गुण सोबतिणींना चेंडू देण्याचे. गणाचे सहा, पंचाने चूक केली तरी तोंड बंद ठेवण्याचे. यात शुभदाचे तीन गेले. भकूटाचे सात डाव्या हाताचे. आणि नाडीचे आठच्या आठ शेवटच्या दोन मिनिटांत डोकं थंड ठेवण्याचे. उरलेले नऊ किरकोळ गोष्टींचे, ते सगळे तिला मिळाले. बेरीज तेहतीस. इंदूरला राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा मामा चार दिवस बसने जाऊन-येऊन देशातल्या तिच्या वयाच्या सगळ्या नामांकित मुली तपासून आले. दक्षिणेतल्या एका उंच मुलीला चौतीस मिळाले, बंगालच्या एका चपळ मुलीला तेहतीस. नव्यानेच घरी केबल आली होती, तेव्हा अमेरिकेतले खेळाडूही तक्त्यावर आले. त्यातला एक हवेत उडणारा गडी गणातच नापास झाला.

हे सगळं ऐकून घेणारा माणूस उज्जैनमध्ये एकच होता, राम घाटावरचे आमचे पंडितजी. तरुणपणी ते कॉलेजच्या संघातून खेळले होते, त्यामुळे यजमानांच्या सात पिढ्यांच्या वह्या बाजूला सारून ते वादाला नेहमी तयार असत. मामा रोज संध्याकाळी घाटावर जात. पंडितजी रोज एकच वाक्य बोलत, "मामासाब, छोरी का उल्टा हाथ कच्चा है. सात में से दो. कुल अट्ठाईस." मग दिवेलागणीपर्यंत डाव्या हातावरून दोघांची जुंपे. नदीवर आरती सुरू झाली की वाद तहकूब, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू.

अशात शुभदाच्या बाबांनी एक स्थळ आणलं. मुलगा इंदूरचा, संगणकातला, घर चांगलं. मामांनी पत्रिका जुळवल्या, सत्तावीस गुण निघाले. तक्ता पाकिटात घातला, कुंकवाचं बोट लावलं आणि पाकीट बाबांच्या हाती दिलं. कुंकू लावलेलं पाकीट मुलाकडच्यांनीच फोडायचं, अशी आमच्याकडची रीत. इंदूरला मुलाच्या वडिलांनी ते सगळ्यांसमोर फोडून मोठ्याने वाचलं. "चार फाऊल झाले तरी धक्के देते. राग अनावर, पंचांशीही भांडते. शेवटच्या दोन मिनिटांत कोणाला आवरत नाही. दक्षिणेतल्या मुलीपेक्षा एका गुणाने कमी." मुलाच्या आईने विचारलं, की ही दक्षिणेतली मुलगी कोण आणि आपल्या मुलासाठी तिला कोणी पाहिलं. चहा निवून गेला आणि स्थळही गेलं.

मामांनी हे मुद्दाम केलं असं माधव नगर आजही म्हणतं. मी सांगतो, तसं नव्हतं. एकसारखे दोन तक्ते टेबलावर होते आणि त्याच वेळी टीव्हीवर सामना लागला होता, एवढंच. पण शुभदाचे बाबा घरी येऊन शांतपणे म्हणाले, "अहो मामा, लग्न तर गेलं. आता तुमच्या तेहतीस गुणांचं तिने लोणचं घालायचं का?" महिनाभराने रेल्वेच्या संघाची निवड होती. पोरगी खरोखरच तेवढी नसेल, तर तिचं स्थळही गेलं आणि खेळही गेला, आणि दोन्ही आपल्यामुळे, हे मामांना पुरतं कळलं होतं. त्या संध्याकाळी घाटावर त्यांनी पहिल्यांदाच मनापासून विचारलं, की पोरीचे खरे गुण किती. पंडितजी म्हणाले, "अट्ठाईस." मामा भांडले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंगणात खुर्ची टाकली आणि शुभदाचा उजवा हात मामींच्या जुन्या ओढणीने पाठीशी बांधला. महिनाभर त्याच भिंतीवर डाव्या हाताने धपधप. भिंतीचा गिलावा पडला, मामींचं डोकं उठलं. "पोरी, तू मला खोटं पाडू नको यार," एवढंच ते अधूनमधून म्हणत. शुभदाची निवड झाली, तिला रेल्वेत नोकरी लागली, आणि बाबा स्वतः पेढे घेऊन मामांकडे आले. देशाच्या संघाच्या शिबिरापर्यंत ती दोनदा गेली, शेवटच्या बारा जणींत मात्र बसली नाही. दक्षिणेतली बसली, बंगालचीही बसली. तरी पुढची कितीतरी वर्षं घाटावर तेहतीस आणि अठ्ठावीस यांचा झगडा रोज चालू राहिला.

मामांच्या अस्थी घेऊन आम्ही राम घाटावर गेलो तेव्हा शुभदा रतलामहून रजा काढून आली होती. पंडितजींनी वही उघडली, मामांचं नाव, गाव, तिथी लिहिली. शुभदाने हळूच विचारलं, "पंडितजी, अब भी अट्ठाईस?"

"तेरे रेल्वे में जाने के दिन ही मैंने तैंतीस मान लिए थे, बेटा," ते वहीतून मान वर न करता म्हणाले. "उनको कभी बताया नहीं. बता देता, तो वो रोज आते काहे को?"

शुभदाने पदर तोंडाला लावला. मला एकदम वाटलं, की मामांना हे कळायला हवं होतं, आणि लगेच वाटलं की नाही कळलं तेच बरं. मग पंडितजींनी वही मिटली आणि आम्ही पायऱ्या उतरून पाण्याकडे गेलो.