धोंडीरामने काढलेला माग

धोंडीराम भुवड सौदीत आला तो तारेच्या कुंपणाचा माणूस म्हणून. लांज्याजवळच्या वाडीतून निघताना त्याला एवढंच सांगितलेलं होतं की खड्डे खणायचे, खांब रोवायचे, तार ताणायची. कुंपणाच्या आत काय आहे हे त्याने विचारलं नव्हतं. आत वाळू होती, एक विहीर होती, डिझेलवरचा पंप होता, आणि हरणं होती.

जमीन, तिकडच्या बोलीत मजरा, अबू नासिर नावाच्या म्हाताऱ्याची. दम्मामहून दक्षिणेला, डांबरी रस्ता सोडून अर्धा तास आत. तेलाचा पैसा आला तशा गाड्या आल्या, गाड्यांतून बंदुका आल्या, आणि मोकळ्या वाळवंटातलं हरीण बघता बघता दिसेनासं झालं. म्हाताऱ्याने बापाच्या वेळचा कळप कुंपणात घेतला. सत्त्याहत्तर साली दम्मामच्या एका बांधकाम कंपनीने ती जमीन हिवाळ्यातल्या शुक्रवारांपुरती, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवसांपुरती, शिकारीसाठी भाड्याने मागितली, तेव्हा त्याने दिली, पण अटींवर. बंदुका मालकाच्या. चालत्या गाडीतून गोळी झाडायची नाही. मादीला हात लावायचा नाही. सबंध हिवाळ्यात बारा नर, तेरावा नाही.

या कराराची इंग्रजी प्रत चारुदत्तने टाइप करून घेतली होती. तो पुण्याचा इंजिनिअर, कंपनीत करारांचं काम बघायचा. एका पंपिंग स्टेशनचा करार चार पानांत बसला होता आणि बारा हरणांना सात पानं लागली, याची त्याला गंमत वाटली होती. घरी त्याने ती बायकोला, मंजिरीला, सांगितलीही. स्वतः बंदूक धरण्याची पाळी आपल्यावर येईल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. जानेवारीतल्या एका शुक्रवारी मॅनेजर म्हणाला, करार तू केलास, एक गोळी तुझी. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

सकाळी साडेआठला त्याने ती झाडली. नर कळपापासून जरा बाजूला उभा होता. गोळी लागल्याचा आवाज आला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. हरीण पाठीत वाकलं, आणि मग इतरांबरोबर पळून गेलं.

मंडळींनी थोडा वेळ दुर्बिणी फिरवल्या. तंबूत नाश्ता तयार होता. मॅनेजर म्हणाला, जाऊ दे, कोल्ह्यांनाही शुक्रवार असतो. सगळे हसले आणि गाड्यांकडे वळले. चारुदत्तही हसला. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं.

धोंडीराम गाड्यांकडे गेला नाही. तो हरीण उभं होतं त्या जागी जाऊन उकिडवा बसला, वाळूतून काहीतरी उचलून त्याने बोटांत चोळलं, हुंगलं, आणि मग चारुदत्तजवळ आला.

"सायब, चला."

"कुठे?"

"जनावर तुमचं हाय."

"अरे, तुझं आज विमान आहे ना?"

"हाय. चारला. म्हणून म्हणतो, चला."

त्याच्या विमानाची गोष्ट सगळ्या मजऱ्याला माहीत होती. रविवारी त्याच्या थोरल्या बहिणीचं, नंदाचं, लग्न होतं. ती तेहतीस वर्षांची. पायाने अधू, म्हणून इतकी वर्षं जमत नव्हतं. बघायला येणारे चहा पिऊन जायचे. शेवटी साखरप्याकडच्या एका बिजवर पोस्टमनने होकार दिला. बाप नाही, भाऊ एकच. बोहल्याशी नवऱ्या मुलाचा कान पिळायला धोंडीरामच हवा होता. शुक्रवारचं विमान मिळालं तर शनिवारी मुंबईहून एस्टी धरून तो लग्नाच्या आदल्या रात्री घरी पोचणार होता. पुढचं विमान सोमवारी होतं. त्याची पत्र्याची पेटी पहाटेपासून पिकअपमध्ये होती आणि बारा वाजता सिराजुद्दीन त्याला धहरानच्या विमानतळावर सोडणार होता.

सिराजुद्दीन राजापूरकडचा, मजऱ्याचा स्वैपाकी आणि ड्रायव्हर. त्याने घड्याळ बघितलं, सुरी कमरेला लावली आणि दोघांच्या मागून निघाला. जनावर जिवंत सापडलं आणि त्याच्या हातून बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली, तर मजऱ्यावरची माणसं ते खाऊ शकणार होती.

"बारापर्यंत तुझा नोकर, भुवड्या," तो म्हणाला. "मग तू माझं सामान."

दुसरं कोणी जाण्यासारखं नव्हतं. माग काढणारा म्हातारा बदू, वाळवंटातला भटका अरब, अबू नासिरबरोबर मदिनेला गेला होता. धोंडीरामला वाळू वाचायला त्यानेच शिकवलं होतं. बाकीचं धोंडीराम गावाकडून शिकून आला होता.

पाचशे पावलांवर धोंडीराम थांबला. वाळूवर काळपट रक्ताचा ठिपका होता, त्यात हिरवट काहीतरी.

"पोटात लागली," तो म्हणाला. "बसा."

"इथे?"

"इथंच. तासभर."

चारुदत्तला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. धोंडीरामने मांडी घातली आणि बिडी पेटवली. पोटात गोळी लागलेलं जनावर लांब जात नाही, तो समजावू लागला. जरा पुढं जातं, दुखायला लागलं की बसतं. लगेच मागे गेलं तर उठतं, आणि उठलं की जीव जाईतो धावतं. मग दिवसभरात सापडत नाही. बसू दिलं तर अंग आखडतं, तिथंच राहतं.

"पण तुला घाई आहे."

"मला हाय. त्याला नाय ना."

अशी माणसं चारुदत्तने फार पाहिली नव्हती. कंपनीत तर जो तो धावत होता. काँक्रीट ओलं असतानाच पुढचा मजला चढवणाऱ्यांच्या त्या काळात हा एक माणूस, ज्याचं सगळं जग दुपारी चारला उडणार होतं, वाळूत मांडी घालून बसला होता. कारण काम तसं होतं. तो घड्याळाकडे बघतही नव्हता. सिराजुद्दीन बघत होता, दर पाच मिनिटांनी.

बसल्या बसल्या धोंडीरामने नंदाच्या पायाची गोष्ट सांगितली. शिमगा झाला की गावाची पारध निघायची. रान एका जमीनदाराचं. तो बाहेरच्या बंदूकवाल्या पाहुण्यांना ते दोन दिवस द्यायचा आणि हाकाऱ्याला वाडीतली माणसं जायची. धोंडीराम तेव्हा बारा वर्षांचा होता, डबा बडवायला. एका पाहुण्याने डुकराच्या पोटात गोळी घातली. डुक्कर जाळीत शिरलं. अंधार पडत होता, तिकडे मटण शिजलं होतं, माणसं घरी गेली. दुसऱ्या दिवशी नंदा पातेरा, वाळका पाला, गोळा करायला गेली, आणि डुक्कर करवंदीतून तिच्या अंगावर आलं. मांडी फाडली.

"पाहुणा गेला मुंबयला," धोंडीराम म्हणाला. "त्याला ठावूक पण नसंल."

चारुदत्तने वाळूत बोटाने दोन रेघा काढल्या. मग म्हणाला, "पण हरीण कुणाला काय करणार आहे?"

बिडी विझवून धोंडीरामने थोटूक खिशात ठेवलं.

"काय नाय करणार," तो म्हणाला. "बिचारं पडून राहील. दोन दिवस, तीन दिवस. डुकराला भ्यायचं म्हणून शोधायचं आणि हे काय करत नाय म्हणून टाकायचं, असं कसं करू, सायब?"

"पोस्टमनला कळवायला हवं," सिराजुद्दीन म्हणाला, "की मेव्हणा येडा हाय. लग्नाआधी सांगावं, नंतर फसवलं म्हणतील."

"त्याला माझी काळजी नको. तो रोज दहा मैल चालतो. नंदाच्या वाटचं पण चालंल."

पावणेदहाला ते उठले. धोंडीराम मागाच्या बाजूने चालत होता, पाऊल त्याच्यावर पडू न देता, ऊन समोर ठेवून. तो फार खाली बघत नव्हता. दहा-बारा पावलं पुढे बघायचा. एका ठिकाणी हरीण बसून उठलं होतं. एका ठिकाणी उजवा मागचा खूर ओढला गेला होता. चारुदत्तला दाखवल्यावर दिसायचं आणि मान वळवली की नाहीसं व्हायचं.

साडेअकराला वाळू संपून खडकाळ सपाटी लागली. तिथे सबंध कळप फिरून गेला होता. माग तुटला.

"खलास," सिराजुद्दीन म्हणाला. "भुवड्या, यल्ला, चल. आता वळलो तर गाडीपाशी साडेबाराला. मी गाडी अशी हाकतो की चाकं टेकणार नायत."

धोंडीराम उभा राहिला. त्याने पहिल्यांदाच मागे वळून गाडीच्या दिशेला बघितलं. चारुदत्तला ते दिसलं आणि त्याला वाटलं, याने आता जावं. देवा, याने जावं म्हणजे मला उरलेलं आयुष्य बरं जाईल.

"तू जा," तो म्हणाला. "मी शोधतो."

"तुम्हाला माग दिसतोय?"

"नाही."

धोंडीराम त्या सपाटीभोवती वळसा घालून चालू लागला, कडेकडेने, जिथे पुन्हा वाळू सुरू होत होती तिथून. त्या चालीला बराच वेळ लागतो. सिराजुद्दीनने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

एकला दहा मिनिटं कमी असताना त्यांना हरीण मिळालं. एका काटेरी झुडपाच्या सावलीत ते पाय दुमडून बसलं होतं, मान ताठ, डोळे उघडे. त्यांना बघून उठायला गेलं आणि जमलं नाही. धोंडीरामने मागून जाऊन ते धरलं, एक हात त्याच्या डोळ्यांवर ठेवला. सिराजुद्दीन गुडघ्यावर बसला, किब्ल्याची, मक्केकडची, दिशा बघितली, ओठ हलवले. फार वेळ लागला नाही.

चारुदत्तनेच ते खांद्यावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तीन मैलांत तो दोनदा पडला आणि दोन्ही वेळा धोंडीरामने त्याला उठवलं, ओझं मात्र घेतलं नाही.

धहरानला ते पोचले तेव्हा विमान धावपट्टीवर होतं. सिराजुद्दीन काउंटरवरच्या माणसाशी भांडला, मग हात जोडले. उपयोग नव्हता. धोंडीराम पेटीवर बसून राहिला. चारुदत्त त्याला दम्मामला घरी घेऊन गेला, वाटेत तार केली. मजकूर धोंडीरामने सांगितला: विमान चुकलं, लग्न थांबवू नका, कान चुलतभावाने पिळावा. मंजिरीने जेवायला वाढलं. तो सावकाश सगळं जेवला, ताट घासायला उठला, आणि मोरीपाशी नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. तिने नळ बंद केला नाही.

सोमवारी तो गेला.

महिनाभर चारुदत्तला ते लागून राहिलं होतं. कंपनीतल्या कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? मार्चमध्ये करार पुढच्या हिवाळ्यासाठी वाढवायचा झाला. म्हाताऱ्या अबू नासिरने सिराजुद्दीनकडून सगळं ऐकलं होतं. त्याने एक अट नवीन घातली: जनावर जखमी झालं तर मारणाऱ्याने स्वतः माग काढणाऱ्या माणसाबरोबर जायचं, जो जाणार नाही, त्याला पुन्हा बंदूक नाही. मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या. चारुदत्तने अट टाइप करून घेतली, एक शब्दही न बदलता. आठवं पान झालं.

सही घ्यायला तो मजऱ्यावर गेला तेव्हा धोंडीराम परत आलेला होता. कुंपणाच्या उत्तरेच्या बाजूला तार ताणत होता. चारुदत्त त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. लग्न कसं झालं हे विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"झालं चांगलं," धोंडीराम आपणहून म्हणाला. "मी तिच्या सासरी जाऊन आलो. घर चढावर हाय, पण तिला जमतं."

"रागावली असेल."

"नाय." त्याने पक्कड दातांत धरली, दोन्ही हातांनी तार ओढून खांबाला वेढा दिला, पक्कड पुन्हा हातात घेतली. "मी सांगत होतो, गोळी पोटात लागली होती, असं असं झालं. तिनं पुरतं ऐकलं पण नाय. मधीच म्हणाली, गावलं का?"

"मग?"

"मी म्हटलं, गावलं." त्याने तार पिळून घट्ट केली. "मग चा टाकायला उठली."