मालनबाईंचा मुलगा गुवाहाटीला असतो

डोंबिवली पूर्वेला एका बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत मालन सकपाळ नावाच्या निवृत्त शिक्षिका दर रविवारी सकाळी कथालेखनाचा वर्ग घेत असत. फी नव्हती. बँकेतून रिटायर झालेले अण्णा पेडणेकर, दोन-तीन गृहिणी, कॉलेजची एखाद-दुसरी मुलगी आणि मी, एवढेच आम्ही. मी तेव्हा ठाण्याला एका विमा कंपनीत होते आणि आठवडाभर लोकांच्या अपघातांचे अर्ज वाचून कंटाळलेली असायचे.

बाई मूळच्या महाडकडच्या. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, दिवाळी अंकांत दहाबारा कथा छापून आल्या, त्यापलीकडे नाव नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती. शिकवायच्या मात्र कडक. “‘तो दुःखी होता’ असं तू लिहिलंस, पण मी का मानू?” म्हणायच्या. “त्याने अर्धीच दाढी केली आणि तसाच दार उघडायला गेला, असं लिही. मग मानते.” निवेदक कोण, त्याला किती माहीत आहे, तो काय लपवतोय, हे त्या आधी विचारायच्या. फ्लॅशबॅकबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “मागे जा, खुशाल जा. पण वाचकाचा हात सोडू नका. त्याला परत आणून सोडायची जबाबदारी तुमची.”

त्यांचा मुलगा सुमित गेलेला होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ठाण्याच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होता. माजिवड्याच्या पुलाजवळ डंपरने त्याच्या बाइकला मागून उडवलं. सव्वीस वर्षांचा होता. एकदा अण्णांनी बाईंना विचारलं, “तुम्ही त्याच्यावर कधी लिहिलं नाहीत?”

बाई म्हणाल्या, “निवेदक सापडत नाही, अण्णा. मी सांगायला लागले की रडते. आणि दुसऱ्या कुणाला मी सांगू देणार नाही.”

लॉकडाऊन उठून वर्ग पुन्हा सुरू झाला, त्यानंतरची गोष्ट. अण्णांनी एक कथा आणली होती. पहिल्याच पानावर म्हातारा मरतो, आणि पुढे त्याचं तरुणपण येतं. बाई मोठ्याने वाचत होत्या. मध्येच थांबल्या.

“हा मेला होता ना?”

“हो बाई. हे आधीचं आहे.”

त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आल्या. “मग आता हा लग्न कसं करतोय?”

आम्हाला वाटलं, अण्णांची फिरकी घेतायत. एकजण हसलंसुद्धा. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, “कथा फसली आहे, अण्णा. वाचकाला वाटेत सोडलंत तुम्ही.” अण्णा पडलेल्या चेहऱ्याने घरी गेले. कथा फसलेली नव्हती. पुढच्या दोन रविवारी तसंच झालं. संवादात ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ नसेल तर बाईंना कोण बोलतंय ते कळेना. तिसऱ्या वेळी त्यांनीच वर्ग बंद केला. आम्हाला म्हणाल्या, “मला गोष्टीत राहता येत नाही आता. धागा हातातून निसटतो.”

त्यांचे मिस्टर महेंद्र सकपाळ, आमचे काका, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. नोकरी संपवून घरी बसलेले. उंच, कमी बोलणारे. बायकोच्या छापून आलेल्या कथाही त्यांनी वाचल्या नव्हत्या. “मला ते जमत नाही,” म्हणायचे, “जे झालंच नाही ते कशाला वाचायचं?” तेच बाईंना ठाण्याच्या मेमरी क्लिनिकमध्ये घेऊन गेले. तिथे डॉक्टरांनी बाईंना चार-पाच वाक्यांची गोष्ट ऐकवली. एक बाई बाजारात जाते, तिची पर्स चोरीला जाते, पोलीस तिला मदत करतात. आता हीच गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा, म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, “ह्यात माणूसच उभा राहत नाही. काय सांगू?”

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. त्यांनी मला नंतर सांगितलं, “तिला गोष्ट आठवतच नव्हती गं. ती लपवत होती. मला दिसत होतं.”

त्याच सुमारास त्यांची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि दोघं कल्याणला भाड्याने राहायला आले. नवी जागा, नवे शेजारी. बाईंना बाथरूम सापडेना. आणि एका संध्याकाळी, काका डाळ-तांदळाचा कुकर लावत असताना, त्यांनी आतून हाक मारली.

“अहो, सुमित अजून आला नाही?”

काकांनी गॅस बंद केला. शेजारी बसले. सरळ माणूस, सरळ सांगितलं. “मालन, सुमित गेला. किती वर्षं झाली. तुला माहितेय.”

बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी ते तेव्हाच ऐकलं. भिंतीवर डोकं आपटलं, काकांच्या शर्टाची बटणं तोडली, “मला कोणी कळवलं का नाही, मला शेवटचं बघू का नाही दिलं” म्हणून ओरडत राहिल्या. शेजारची माणसं दाराशी जमली. रात्री दमून झोपल्या. सकाळी उठून त्यांनी चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाल्या, आणि दुपारी पुन्हा विचारलं, “सुमित कुठे गेला?”

काकांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच झालं. असं किती वेळा झालं ते काकांनी कधी सांगितलं नाही. त्यांची मुलगी रचना पनवेलला राहते, एका रविवारी तिच्यासमोर हा प्रकार घडला. तिने आईला धरून बसवलं आणि बापावर ओरडली, “पप्पा, तुम्ही तिला रोज का मारताय?”

“मग काय सांगू?”

“काहीपण सांगा. बाहेर गेलाय सांगा. डॉक्टर पण तेच बोललेले ना?”

“मला खोटं बोलता येत नाही, रचना. दोन वाक्यांनंतर अडकतो मी.”

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसमध्ये त्यांचा फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, “मालनने तुला शिकवलंय ना? मला सांग, गोष्ट रचायची कशी?”

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. बाईंनी जे सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं. की काका, तो कुठे आहे ते आधी पक्कं ठरवा. लांबचं गाव घ्या, म्हणजे रोज का येत नाही हा प्रश्न येणार नाही. काम तेच ठेवा, लॅबचं, ते तुम्हाला माहीत आहे. फार सांगू नका. एखादीच बारीक गोष्ट सांगा, पण खरी वाटेल अशी.

“लांब म्हणजे?”

“गुवाहाटी,” मी म्हटलं. का म्हटलं ते मलाच ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी काकांनी हॉलमधला सुमितचा फोटो काढून कपाटात कपड्यांखाली ठेवला. बाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सुमित गुवाहाटीला असतो आता. मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आजच फोन आलेला. तिकडे सुक्या कोळंबीचे सोडे मिळत नाहीत, म्हणून रडत होता.”

बाईंचा चेहरा उजळला. “त्याला सोड्यांशिवाय जेवण जात नाही. पाठवा की कुरिअरने.” मग लगेच, “भाषा कशी समजते त्याला तिथली?”

काका अडकले. पण क्षणभरच. “घरमालकीण शिकवते,” म्हणाले. “म्हातारी आहे. ह्याला मुलासारखं बघते.”

पुढचे सहा-सात महिने बरे गेले. मी मधूनमधून जायचे. ज्या माणसाने आयुष्यात गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं, तो बायकोचे पाय चेपत रोज नवा भाग सांगायचा. सुमितला बढती मिळाली. सुमितच्या खोलीत पुराचं पाणी शिरलं. घरमालकीण आजारी पडली, याने तिचं रक्त तपासलं. बाई मध्येच टोकायच्या, “ते पुराचं नीट सांगा. पाणी कुठपर्यंत आलं?” तेवढ्यापुरत्या त्या पुन्हा वर्गातल्या बाई व्हायच्या. मला जिन्यापर्यंत सोडायला आले की काका म्हणायचे, “मला पण बरं वाटतं गं. वाटतं, आहे तिकडे कुठेतरी.”

बाईंकडे बघायला ऐश्वर्या नावाची मुलगी येऊ लागली होती. आंबिवलीला राहायची, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, रविवारी सुट्टी. कामाला चोख, तोंडाने फटकळ. तिला कोणी काही वेगळं सांगितलं नाही. सांगायला हवं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. तिने सुमितदादा गुवाहाटीला असतो एवढंच ऐकलं आणि तेच धरून चालली.

मग बाईंना राग यायला लागला. आजार वाढला होता, सगळं अंथरुणातच होत असे, पण एक गोष्ट त्यांच्या मनात घट्ट बसली: मुलगा जिवंत आहे, चांगला कमावतोय, आणि आई अशी पडलेली असताना येत नाही.

“सुट्टी मिळत नाही त्याला,” काका सांगायचे.

“दिवाळीची पण नाही? आईपेक्षा ती घरमालकीण जवळची झाली?”

काकांनी गोष्ट वळवून पाहिली. त्याचं तिकीट काढलं, मग विमान रद्द केलं. त्याला आजारी पाडलं, तर बाईंनी रात्रभर काळजी केली, म्हणून लगेच बरा केला. बरा झाला तर परत तोच प्रश्न. काही केलं तरी सुमित वाईटच ठरत होता. आणि बाई त्याला नावं ठेवायला लागल्या. स्वार्थी. बायकोच्या ताटाखालचं मांजर, असंही म्हणाल्या, त्याचं लग्न झालंय असं त्यांनीच धरलं होतं. ऐश्वर्या बाईंना भरवता भरवता दुजोरा द्यायची, “असलीच असतात आजकालची पोरं, आजी. पैसा आला की आई नको. दादा समोर आला ना, मीच सोडणार नाही त्याला.”

बाईंच्या देखत ऐश्वर्याला खरं सांगता येईना, काका बाहेरच्या खोलीत बसून हे सगळं ऐकायचे. ज्या पोराने पहिल्या पगारात आईला वॉशिंग मशीन घेतलं, जो शनिवारी तिच्या केसांना तेल लावून द्यायचा, त्याच्याबद्दल.

एका रविवारी बाई काकांना म्हणाल्या, “त्याला फोन लावा. सांगा, मी मेल्यावर पण येऊ नको. हात लावू नको मला.”

काका उठले. कपाट उघडून फोटो काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. “मालन, तो नालायक नाही. तो गेला. माजिवड्याला डंपरने उडवलं त्याला. तुझ्याकडेच घरी येत होता. मी खोटं बोललो तुझ्याशी.”

रचना स्वयंपाकघरातून धावत आली. आता पुन्हा तो आकांत होणार म्हणून तिने आईचे हात धरले. पण बाई ओरडल्या नाहीत. फोटोकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मग म्हणाल्या, “म्हणजे तो मला विसरला नव्हता.”

“नाही गं.”

“मग मी उगाच बोलले त्याला.” त्यांनी फोटो पदराखाली घेतला आणि तशाच झोपल्या.

रचना मला सांगत होती, तिला वाटलं, आता तरी सुटलो. सकाळी बाई जाग्या झाल्या आणि पहिलाच प्रश्न होता, “सुमितचा फोन आला का?” फोटो काकांनी आधीच उचलून ठेवला होता. ऐश्वर्या यायची वेळ झाली होती. काका म्हणाले, “येईल. तिकडे आत्ता पाऊस आहे.”

त्यानंतर कधी खरं, कधी गुवाहाटी, असं चाललं; खरं सांगायची वेळ यायची ती रात्री, ऐश्वर्या घरी गेल्यावर. बाईंचा चेहरा बघून काका ठरवायचे. दोन्हींतलं काहीच टिकत नव्हतं. हळूहळू प्रश्न अर्धे यायला लागले, मग नुसतं नाव, मग नावही नाही. गिळणं बंद झालं. छातीत कफ भरला आणि फेब्रुवारीत, दुपारी, ऐश्वर्या अंग पुसत असताना बाई गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरीच होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, जुन्या शाळेच्या दोन शिक्षिका बोलल्या. अण्णाही आले होते. जेवणं उरकल्यावर पाहुणे पांगले. ऐश्वर्या शेवटपर्यंत भांडी आवरत होती. हात पुसत काकांसमोर येऊन उभी राहिली, डोळे लाल.

“एक विचारू, बाबा? दादा आईच्या मातीला पण नाही आले?”

काकांच्या तोंडून सवयीने निघालं, “गुवाहाटीहून...” आणि ते थांबले. पुढचं वाक्य सुचेना. त्यांनी रचनाकडे बघितलं.

रचनाने सांगितलं. थोडक्यात, चार वाक्यांत.

ऐश्वर्या मटकन खाली बसली. “मी किती बोलले हो त्यांना,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत रडायला लागली. बाई गेल्या त्या दिवशी इतकी रडली नव्हती. तिच्यासाठी सुमित त्या दुपारी गेला होता. काकांनी आत जाऊन तिच्यासाठी चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत ओट्याला धरून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.