फाटकावरची झडती

मुकादमानं माह्या पदराले काठी लावली अन् म्हनला, "झटक."

मी पदर झटकला.

"ओचा सोड."

कामाचा पहिला दिवस सुटला होता, फाटकापाशी कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. गाडीवान होते, हमाल होते, शेटजीचा मुनीम होता. सगळे बाप्ये. मी ओचा सोडला. एका हातानं लुगडं कमरेशी आवळून धरलं, दुसऱ्या हातानं झटकलं. दिवसभर कापसात बसलेल्या बाईच्या आंगावर रुई असतेच. ती उडाली. गाडीवान हासले.

"कोष्टीन हाय," मुकादम मुनीमाले म्हनला. "हिच्या घरी माग हाय. हिले दोनदा पाहात जा."

ते लुगडं माह्या सासऱ्यानं विनलेलं होतं.

आमी बाळापूरचे. पिढ्यान् पिढ्या मागावर बसलेले. पान्यापलीकडं कुठं तरी लढाई सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला अन् वऱ्हाडातला सगळा कापूस इलायतेले जाऊ लागला. कास्तकार खूश, शेटजी खूश. आमाले मात्र सूत परवडेना. माग उभाच राहिला. सासरा रिकाम्या मागापाशी बसून राहे. मंग मी अन् माहा नवरा अकोल्याले आलो. तो आगगाडीच्या भरावावर माती टाकाले गेला. मागावरची तुटलेली सुताची तार आंधारात बोटानं जोडनारा मानूस. त्याच्या डोक्यावर टोपलं आलं. मी शेटजीच्या वाड्यात कापूस साफ कराले बसली. पाला काढायचा, किडकं बोंड काढायचं.

माह्या बाजूले हमीदाबी बसे. पिंजाऱ्याची बायको. तिच्या घरची कापूस पिंजायची धुनकी भिंतीले टांगली होती. गाद्या भराले कापूस कोन देते आता? आमी दोघी पहिलेही कापसाच्याच होतो. पन तवा कापूस आमच्या घरी ये. आता आमी त्याच्या दारी.

झडतीचं मी घरी सांगितलं नाई. काय सांगू?

मंग सवय झाली. मुकादमानं म्हनायच्या आंधी आमी बायाच पदर झटकू लागलो. ओचा सोडू लागलो. खाली पाहात, भरभर. मले आज त्या पहिल्या दिवसाचा राग येते, पन या सवयीचा जास्त येते.

हमीदाबी पोटुशी होती. एक दिवस सांजच्याले मुकादमानं तिच्या पोटाले काठी टोचली.

"यात काय हाय?"

"पेट है भाऊ," ती म्हनली. "और क्या रहता?"

"दाखव."

गाडीवान पाहू लागले. हमीदाबीचा हात ओढनीवर गेला. ती खरंच ओढनी बाजूले कराले लागली होती. माह्यासारखीच. खाली पाहात.

मी तिचा हात धरला. "नोको दाखवू."

"कावून?" मुकादम माह्याकडं वळला. "तुही कोन लागते ती?"

मी फाटकाच्या मधात खाली बसली. हमीदाबीले बसवलं. मांगच्या बाया आंधी उभ्या राहिल्या, मंग एकेक करून त्याही बसल्या. भरलेल्या गाड्या आत अडकल्या. मुकादमानं काठी उगारली. पन बायाच बाया, मारते कोनाले?

शेटजी बाहेर आले. आवाज चढवला नाई त्याईनं.

"बाई, झडती त होईनच. माल आमचा हाय."

"माल तुमचा," मी म्हनली. "आंग आमचं."

शेटजीनं माह्याकडं पाठ केली. मंग मुकादमाले म्हनले, "या दोघींले उद्यापासून घेऊ नोको. बाकीच्या उठत असतीन त राहू दे."

बाकीच्या उठल्या. त्याईले मी नावं ठेवत नाई. त्याईच्याही घरी चूल होती.

घरी नवरा भडकला. "भेटलेलं काम लाथाडलं. आता खाशीन काय?"

तवा मी पहिल्यांदा सांगितलं. पदर, ओचा, गाडीवान, सगळं. तो आयकत राहिला. डोक्याची चुंबळ त्यानं खाली ठेवली.

"आमचीबी झडती घेतात," तो म्हनला. "धोतर सोडाले लावतात. फावड्याचं लोखंड चोरतो म्हनतात."

"मंग तुमी काय करता?"

"उभा राहतो."

मी रडली नाई त्या दिवशी. मले वाटलं, याच्या बापानं मागावर बसून कोनापुढं मान वाकवली नव्हती. काम बदललं त आमी चोर कसे झालो?

सकाळी हमीदाबीले घेऊन मी दुसऱ्या वाड्यावर गेली. मुकादम म्हनला, "बसा कामाले."

मी म्हनली, "पहिले सांगा, झडती कोन घेते? बाई घेत असन, आडोशाले घेत असन, त बसतो. बाप्या घेत असन त नाई."

तो हासला. त्यानं हाकललं. पुढच्या वाड्यावरही हाकललं. त्याच्या पुढचा मुकादम त शिव्याच देऊ लागला.

हमीदाबी थकली होती. मी तिले निंबाच्या सावलीत बसवलं अन् एकटी पुढच्या फाटकावर गेली. अकोल्यात वाडे लय होते. नाईच भेटलं काम त अमरावतीले जाईन. तिथंही पहिले हेच इचारीन, मंगच कापसाले हात लावीन.