माळ फोडणाऱ्याची मुलगी

आमच्या घरात कुणाचंही लग्न असलं की पंगतीत एक गोष्ट सांगितली जातेच. गावाबाहेरचा माळ पहिल्यांदा फोडला तो आमच्या खापरपणजोबांनी. तोवर तिथे दगड आणि बोरीबाभळीच होत्या. नांगरट अर्ध्यावर असताना त्यांचा एक बैल मेला, तर या बहाद्दराने उरलेल्या बैलाच्या जोडीला बायको जुंपली आणि माळ पुरा केला. इथे सगळे हसतात. मग नव्या सुनेकडे बघून कुणीतरी म्हणतं, "खांदा बघून आणली ना रे?" सूनही हसते, बिचारी काय करणार.

दुसरी फुशारकी माझ्या वडिलांची. "आमच्या खानदानात पोरगी न्हवतीच. हीच पहिली टपकली." हे ते पाहुण्यांना माझ्यादेखत सांगायचे, अगदी लाडाने. लाड असाच असतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

वडील मागच्या वर्षी गेले. जमीन अजून त्यांच्याच नावावर होती. वारस नोंदीचा विषय काढला की धाकटा भाऊ म्हणायचा, "आक्का, आधी पोराचं सर्टिफिकेट होऊ दे. एकदा वंशावळ तयार झाली की तीच वारसाला लावू. तुझं नाव बराबर टाकतो." सर्टिफिकेट म्हणजे कुणबी जातीचं, कॉलेजच्या प्रवेशात आरक्षण मिळावं म्हणून. त्यासाठी खापरपणजोबांच्या एखाद्या जुन्या कागदावर 'कुणबी' हा शब्द सापडायला हवा होता. आमच्याकडे सध्या निम्मं गाव आपापला पूर्वज शोधत ऑफिसं पालथी घालतंय. आमचा पूर्वज कुणी शोधायचा यावर घरात फार चर्चा झाली नाही. "आक्का रिटायर हाय, आन् बायांना एसटीचं अर्धं तिकीट," भाऊ म्हणाला. एवढ्या गुणांवर माझी नेमणूक झाली.

मीही लगेच तयार झाले. जन्मभर शाळेत शिकवलं, जालन्यात स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, जमिनीच्या तुकड्यावाचून माझं काही अडलेलं नाही. मला नाव हवं होतं. सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी भावाचं येईल तेव्हा त्याच्या शेजारी माझंही यावं, इतकंच. हट्ट म्हणा हवं तर.

उन्हाळाभर मी अंबडच्या तहसीलीत फेऱ्या मारल्या. निजामाच्या काळातले कागद उर्दूत. त्यांच्या नकला काढायच्या आणि जालन्यात उर्दू शाळेच्या निवृत्त हेडमास्तरांकडे न्यायच्या. ते भिंग लावून सावकाश वाचत. असा पूर्वज थोडा थोडा दिसायला लागला. एका पत्रकात माळाचा तो तुकडा पडीक. पुढच्या पत्रकात तोच वहितीत, पीक ज्वारी, कब्जा खापरपणजोबांचा. नंतर एक विहीर. नंतर सरकारी बाभळी तोडल्याबद्दल दंड. माणूस कष्टाळू होता यात शंका नाही. अशा कष्टाळू माणसाच्या घरात नांदणं मात्र कठीण असतं. पण 'कुणबी' हा शब्द कुठेच नव्हता.

तो शेवटी गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत सापडला. बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचं, जात कुणबी.

"मयत मुलगी हाय," हेडमास्तर म्हणाले. "पाच-सहा रोजाची. सबब लिहेल हाय, कमजोरी."

"नाव काय तिचं?"

"नाव न्हाई, बाई. पोरींचं लिहायचेच न्हाई."

मग त्यांनी साल आणि महिना वाचला. माळ ज्या साली पहिल्यांदा वहितीत चढला, तेच साल. महिना ऐन नांगरटीचा. मी त्यांना पंगतीतली गोष्ट सांगायला लागले आणि बैल मेला तिथे थांबले. पुढचं मला सांगवेना. जुंपली तेव्हा ती बाई दिवस भरलेली होती की ओली बाळंतीण, ते कागदावर नव्हतं. मला त्या माणसाचा संताप आला, आणि पंगतीत हसणाऱ्यांचा त्याहून जास्त.

भावाला फोन करून सगळं सांगितलं. "तवा तसंच चालायचं," तो म्हणाला. "नक्कल शिक्क्याची घेतली ना?"

शिक्क्याची नक्कल हातात आली तेव्हा भाच्याच्या प्रवेशाला शेवटचा एक दिवस उरला होता. निदान अर्जाची पावती तरी जोडायला हवी होती. सकाळीच आम्ही अंबडला तहसीलसमोरच्या टायपिस्टकडे बसलो. तो म्हणाला, नोंद मुलीच्या मयताची आहे, तेव्हा वंशावळीत मुलगी दाखवावी लागेल. भावाने मान हलवली. कागद बाहेर आला. मी चष्मा लावला. खापरपणजोबा, त्यांच्या खाली पणजोबा आणि शेजारी 'मुलगी, मयत'. मग आजोबा, वडील. वडिलांच्या खाली एकच रेघ, भावाची.

"माझं नाव कुठंय?"

"आक्का, पोरी न्हाई दाखवत ह्याच्यात."

"मग ही कोण?"

"तिच्याबिगर कागद चालत न्हाई. तुझ्याबिगर चालतो." तो रागाने नाही बोलला. चहा सांगावा तसा बोलला.

"आणि वारसाला हीच लावणार?"

"तसंच ठरलंय ना आपलं."

एवढ्यात टायपिस्ट म्हणाला, "मुलीचं नाव काय टाकू? रकाना मोकळा ठेवला की वर हरकत काढतेत."

भाऊ हसला. "आक्काचंच टाक. घे आक्का, आलं तुझं नाव."

टायपिस्टही हसला आणि त्याने टाकलं. कागद पुन्हा बाहेर आला. माझं नाव, पुढे मयत.

मी टेबलावरची नक्कल उचलली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. भावाला आधी थट्टा वाटली. मग तो बसस्टँडपर्यंत मागे आला. "उद्या शेवटची तारीख हाय. पोराचं वाटोळं करती का?"

"दुसरी नक्कल काढ."

"आठ दिवस लागतेत त्याला."

"लागू दे."

पोराचा काही दोष नव्हता. गुणी मुलगा आहे, मला जीव लावतो. हे सगळं मला बसमध्ये चढताना माहीत होतं, आणि मी चढले. दुसऱ्या दिवशी भावजय फोनवर रडली, भाचा रडला. मी नक्कल दिली नाही. तारीख गेली. मला वाईट वाटलं नाही, उलट जेवण नीट गेलं.

त्याच रात्री भावाचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"आजपसून तू आमाला मेली, आक्का."

"ते तर तू काल टाईप करून घेतलंस," मी म्हणाले.