कौसाबाईचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाहीच, अशी स्वतःची समजूत घालत आले — आणि ते खरं असतं तर मी एव्हाना विसरले नसते का?

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी वडनेर भोलजीला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि गावातलं महिला मंडळ चालवत होते. चालवत होते म्हणजे — मी ठरवायचं, बाकीच्यांनी हो म्हणायचं. त्या सुमारास वनस्पती तुपाच्या एका कंपनीचा माणूस आला. गावच्या बायका डब्याच्या तुपाला नाक मुरडतात. त्यांना ते साजूक म्हणून खाऊ घालायचं आणि लपून त्यांचे चेहरे टिपायचे, अशी त्याची जाहिरात. मला पटलं. स्वस्त आहे, टिकतं, गरिबाच्या पोळीला लागेल — त्यात वाईट काय? शिवाय बुलढाण्याच्या त्यांच्या कार्यक्रमात अध्यक्षपद मला मिळणार होतं. हे 'शिवाय' मी नेहमी शेवटी ठेवते. ते पहिलं होतं.

कुणाला बोलवायचं, हेही मीच सुचवलं. कौसाबाई. विधवा बाई, दारात दोन म्हशी, आणि बाजारात तिच्या तुपाला नाव. ती फसली की जाहिरात पक्की.

जेवण माझ्याच स्वयंपाकघरात, पुरणपोळीचं. धान्याच्या कोठीपुढे पडदा, पडद्यामागे फोटोवाला. कॅमेऱ्याचा खटका ऐकू जाऊ नये म्हणून मी स्टोव्ह पंप मारून मोठा केला. वर नुसतं पाणी. डब्याचं तूप पातळ करून मी स्वतः तिच्या पोळीवर वाढलं. "घरचं आहे," म्हणाले. "कसं आहे?"

तिनं घास घेतला, जरा थांबली, मग हसली. "लय चांगलं हाये, बाई. वाढा अजून."

आपल्याकडे ताटावर बसलेली पाहुणी दुसरं काय म्हणेल?

हात धुताना मात्र ती माझ्या कानाशी आली. "बाई, तुमाले कोनं तरी फसवलं वो. डब्याचं हाये ते. तुमच्या घरी जेवाले बसून काऊन नावं ठेवू, म्हनून गप राह्यली." दुसऱ्या दिवशी तिनं वाटीभर कणीदार तूप धाडलं, मला चांगलं मिळावं म्हणून. मी ते खाल्लं. कंपनीच्या माणसाला काही कळवलं नाही.

काही दिवसांनी किराणा दुकानावर पाटी लागली. हसणारी कौसाबाई, आणि खाली ठळक अक्षरांत — तूप करणारीलाही ओळखता आलं नाही!

बाजारात तिची टर उडू लागली. "काऊन वो मावशी, तुह्यावालं बी डब्यातलंच का?" थट्टाच होती. पण थट्टेथट्टेत गिऱ्हाईक गेलं. हिला तूपच कळत नाही, मग ही आपल्याला विकते काय — एवढं मनात यायला किती वेळ लागतो?

मग ती शाळेत आली. ओट्यावर सरपंच आणि हेडबाई बसलेले. "बाई, तुमी सांगा न यायले. म्या तुमाले तवाच सांगतलं होतं का नाई?"

एक हो. तेवढंच हवं होतं तिला. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता — पडदा कुणी लावला?

मी म्हणाले, "मला नाही आठवत, कौसाबाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर —. "असन बाई," ती म्हणाली. "मीच इसरली असन." आणि गेली.

तिनं आधी एक म्हैस विकली, मग दुसरी. पुढे लोकांच्या वावरात निंदणाला जाऊ लागली. मी बुलढाण्याला जाऊन नव्या काळातल्या गृहिणीवर भाषण केलं. टाळ्या पडल्या.

परवा ती नांदुऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटली. म्हातारी झाली आहे, लेकीकडे रोहिणखेडला असते. मला पाहून बाकावर सरकली. "बसा बाई." मी बसले. गाडी येईपर्यंत आम्ही बोललो — तिच्या नातीचं लग्न, माझे गुडघे. तोंडाशी आलं होतं माझ्या. नाही — आलंही नव्हतं. आता आणखी खोटं कशाला लिहू? गाडी लागली. तिची पिशवी मी वर दिली, आणि ती गेली.

जे तिला सांगायचं, ते तुम्हाला सांगते आहे.