निम्म्या भाड्याचं घर

"नवी नवरी हाय ना त्यांच्यात? मग घ्या त्यांची सही. वर्षभर नांदली की घर सुधरंल. भाडं पुन्हा वर नेऊ."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. औरंगपुऱ्यात सलीमभाईंच्या घरं दाखवण्याच्या ऑफिसबाहेर मी चपला घालत होते, आणि आत आमचे होणारे घरमालक सोनवणेकाका त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते.

मी फारशी बोलत नाही. न बोलणाऱ्या बाईला लोक बहिरी समजतात, त्यामुळं माझ्याकडं किस्से फार जमतात. त्यात भाड्यानं राहणारी बाई म्हणजे विचारायलाच नको. घर सोडताना कपाट, गॅस, गाद्या टेम्पोत चढतात, किस्से मात्र आपल्यालाच वागवावे लागतात. माझे सगळे एकाच घरातले आहेत, एवढाच फरक.

*

त्याआधी आम्ही घरं बघत फिरत होतो. माझा नवरा अमोल शेंद्र्याला कंपनीत, मी शिकवण्या घेते. लग्नाआधी तो चौघा मित्रांत एक खोली घेऊन राहायचा. लग्न झालं आणि भाड्याचे तीन भागीदार एकदम कमी झाले.

गेटागेटावर पाटी एकच, 'ओन्ली फॅमिली'. आणि भाडं असं, की फॅमिलीनं ते भरलं तर फॅमिलीनं खायचं काय?

एका मालकीणबाईंनी विचारलं, "किती जण?"

"दोघं," अमोल म्हणाला.

"सध्या दोघं," असं म्हणत त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं आणि पाण्याच्या नावाखाली भाडं तिथल्या तिथं वाढवलं.

परत येताना गाडीवर अमोल म्हणाला, "नायच जमलं तर तू थोडे दिवस फुलंब्रीला आईकडं राहा. मी पुन्हा पोरांसोबत बघतो." 

हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती.

म्हणून हर्सूलच्या बाजूचं घर निम्म्या भाड्यात मिळतंय म्हटल्यावर, मी जे ऐकलं होतं ते गिळून टाकलं आणि सही केली.

*

राहायला गेलो त्या सकाळी सोनवणेकाका दारात तांदळाचं माप घेऊन उभे. सासरी मी एकदा माप ओलांडलं होतं. भाड्याच्या घरात घरमालकानं माप ठेवलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"आमच्यात पद्धत हाय," काका म्हणाले. "बंद राहिलेलं घर नव्या नवरीच्या पायानं उघडायचं."

मी सुनेसारखं माप लवंडलं. तांदूळ पार हॉलच्या मध्यापर्यंत गेले. काका समाधानानं स्कूटरवर बसून निघून गेले, आम्ही दोघं गाद्या आणायला टेम्पोपाशी गेलो.

वर आलो तर माप उंबऱ्यावर उभं, काठोकाठ भरलेलं. फरशीवर एक दाणा नाही.

मला वाटलं, खालच्या मजल्यावरच्या नसीमआपांनी आवरलं असेल. आभार मानायला गेले.

"मैं? ऊपर?" त्या म्हणाल्या. "ना बाबा. गुडघ्यांचं निमित्त हाय, पण गुडघे नसते दुखत तरी नसते आले."

*

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, आणि येईल तेव्हा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. ज्याला आधी कळेल त्यानं बाकीच्यांना हाक मारायची, ही कॉलनीची रीत.

एका दुपारी शिकवणीहून आले तर नसीमआपा पायरीवर बसलेल्या, खुशीत. त्यांचे सगळे ड्रम भरलेले.

"शुक्रिया हां बेटा. वरून आवाज दिला म्हणून बरं झालं, नायतर आज राहिलंच होतं."

"कुणी दिला आवाज?"

"तुमच्याच खिडकीतून की. 'नळ आलाय, भरून घ्या' म्हणली. मी समजले तूच."

कुलूप मी स्वतः लावून गेले होते. वर जाऊन ते उघडलं. आमचेही ड्रम भरलेले होते, वर झाकणंसुद्धा ठेवलेली.

संध्याकाळी अमोलला सगळं सांगितलं. तो ड्रमात वाकून बराच वेळ बघत राहिला.

"पाणी तर स्वच्छ हाय," तो म्हणाला.

*

सासूबाई फुलंब्रीहून राहायला आल्या. पहिल्याच दिवशी मी भाजी घेऊन आले, तर जिन्यातच त्यांच्या बोलण्याचा आवाज. दार लोटलं. त्या एकट्याच बसलेल्या, लसूण सोलत. समोर सोललेल्या पाकळ्यांच्या दोन वाट्या.

"कोण आलं होतं, आई?"

"शेजारीण. लई गुणाची बाई. तुझं नाव काढत होती. बोलत नाय पण सगळं ऐकते, म्हणली."

"कुठं गेल्या?"

"आत गेली की आत्ताच."

आत म्हणजे स्वयंपाकघर. आमच्या स्वयंपाकघराला दुसरं दार नाही. मी जाऊन पाहिलं. खिडकीतून ऊन ओट्यावर पडलं होतं, बाकी काही नाही.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. जाताना त्यांनीच मला एक सांगितलं, "तिच्यासारखा लसूण सोलायला शिक. एक साल राहत नाय बघ."

*

सलीमभाई कराराची प्रत द्यायला आले तेव्हा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी विचारलं, "आधी इथं कोण होतं?"

"हुआ कुछ नहीं यहाँ, मॅडम. कोई मरा-बिरा नहीं, कसम से." मग आवाज खाली आला. "एक फॅमिली होती. नवरा-बायको, दोन लेकरं. काकांनी भाडं वाढवलं, त्यांना झेपंना. तिला लई लागलं. किचनच्या भिंती तिनं स्वतः रंगवलेल्या. सोडायच्या दिवशी टेम्पो भरला. नवऱ्याला वाटलं, ती मागं रिक्षात बसली. रिक्षावाल्याला वाटलं, पुढं टेम्पोत बसली. करमाडला सामान उतरलं, लेकरं उतरली."

"आणि ती?"

"ढूँढा ना. माहेरी, नातेवाईकांत, पोलिसांत. कहीं नहीं." माझ्या खांद्यावरून त्यांनी आत बघितलं. "टेम्पोत चढताना किसी ने देखी नहीं. रिक्षात बसतानाही नाही."

अमोलनं हे ऐकून घेतलं. जेवताना म्हणाला, "म्हणजे आपण अर्धं भाडं देतो, ती काहीच देत नाय."

पण रात्री झोपताना त्यानंच स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवला. मी दुसऱ्या दिवसापासून भाजी जरा जास्तीची टाकायला लागले. वाया कधी गेली नाही.

*

करार संपत आला तसा सोनवणेकाकांचा चेहरा उजळायला लागला. वर्षभर नवी नवरी नांदली. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. घर सुधरलं होतं. त्यांनी नवं भाडं सांगितलं. ते आम्हाला जमण्यासारखं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

काका गेल्यावर अमोल म्हणाला, "आईला फोन करून ठेवतो. तुझ्या सामानापुरती जागा कर म्हणावं."

मी कपाटातल्या साड्या पलंगावर काढल्या. मग तशाच राहू दिल्या.

रविवारी सकाळी काका एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आले. सोबत सलीमभाई, आज नाइलाजानं उंबऱ्याच्या आत. नवरा-बायको दोघंही चांगल्या नोकरीतले वाटत होते. काका हॉलमध्ये बसून हवा, उजेड, पाणी वगैरे सांगत होते. मी समोरच्या खुर्चीवर. अमोल दाराशी उभा.

"तुम्ही घ्या बघून निवांत," काका त्या बाईंना म्हणाले.

बाई आत गेल्या. काकांनी डिपॉझिटचा विषय काढला. त्यांचं बोलून झालं, त्या गृहस्थांचं विचारून झालं, तरी बाई आतच. मधूनमधून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

मग त्या पदर सावरत बाहेर आल्या.

"किचन फार आवडलं मला," त्या म्हणाल्या. "आतल्या ताईंनी सगळं नीट दाखवलं. भिंतींना रंगसुद्धा त्यांनीच दिलाय म्हणे."

"कोण ताई?" त्यांच्या नवऱ्यानं विचारलं.

सलीमभाई उठून उभे राहिले. काकांचा डिपॉझिटसाठी पुढं झालेला हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या समोरच बसले होते, मघापासून.

"घरात आणखी कोण हाय?" त्यांनी मला विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

आतून आलं ठेचल्याचा वास येत होता. गॅसवर काहीतरी उकळत होतं. अमोल माझ्याकडं बघत होता, सलीमभाई दाराकडं.

वर्षभरात काकांशी मी धड दहा वाक्यं बोलले नसेन.

"बसा ना सगळे," मी म्हणाले. "चहा टाकलाय तिनं. भाड्याचं काय ते तिच्यासमोरच बोलू."