मुदतीचा ताप आणि मिडवाइफरीची जागा

डॉक्टरांनी मला जीभ बाहेर काढायला सांगितली. मधे पांढरी, कडेने लाल, आणि बाहेर काढली की थरथरत होती. मग त्यांनी डाव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहिली, पोटावरचे गुलाबी ठिपके पाहिले आणि चादर पुन्हा माझ्या अंगावर ओढली. "टायफॉइड," ते म्हणाले. "विडाल टेस्टसाठी रक्त घेऊ, पण ते आपलं रीतीपुरतं. तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही तर आताच पास झालात."

टायफॉइड म्हणजे आपल्याकडचा मुदतीचा ताप. विडाल टेस्ट म्हणजे रक्ताची एक तपासणी, तिच्यावरून हा ताप आहे की दुसरा ते कळतं. हे सगळं मी परीक्षेत लिहून आले होते आणि त्या उत्तराला चांगले मार्कही पडले होते. स्वतःच्या पोटावर ते ठिपके दिसल्यावर मात्र मला एकच गोष्ट आठवली. पावसाळा सरला की मिडवाइफरीचा वर्ग सुरू होणार होता आणि त्यात माझी एक जागा होती.

ही जागा म्हणजे काय, ते आजच्या मुलींना सांगायला हवं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. धुळ्याच्या इस्पितळात तीन वर्षं प्रोबेशनर म्हणून घासून मी नर्स झाले होते. प्रोबेशनर म्हणजे शिकाऊ, पण शिकण्यापेक्षा बेडपॅन धुणंच अधिक. पास झाल्यावर वाटलं, आता आपण कोणीतरी झालो. तसं काही नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यांना नर्स हवी असे ती बाळंतपण करणारी. लोकांच्या घरी गेलं तर पहिला प्रश्न तोच. आजाऱ्याचं अंग पुसायला आमच्या घरात बाया आहेत, मग तुम्ही कशाला, असं मला पारोळ्यात एका सासूबाईंनी तोंडावर विचारलं होतं. मिडवाइफरी म्हणजे सुईणपणाचं रीतसर शिक्षण. ते केल्याशिवाय माझ्या सर्टिफिकिटाला खानदेशात फारशी किंमत नव्हती. आणि वर्गात जागा मोजक्याच असत.

अंगात ताप मुरत होता तेव्हा मी कामावरच होते. नवी नर्स रजा मागत नाही. मागितली की जुन्या सिस्टर एकमेकींकडे बघतात. सगळ्यांना वाटलं हिवताप, म्हणून क्विनीन दिलं. कान गुंग झाले, ताप मात्र रोज थोडा थोडा वर चढत राहिला. शेवटी वॉर्डमध्ये एका आजीबाईंना पाणी पाजता पाजता मीच त्यांच्या खाटेवर बसले आणि उठता येईना.

मग ज्या वॉर्डात मी काल ड्यूटीवर होते, त्याच वॉर्डात आडवी झाले. तेव्हा या तापाला औषध नव्हतं. ताप आपली मुदत भोगून उतरायचा, तोवर माणसाला जगवायचं, एवढंच. माझ्याबरोबरच्या मुली दर थोड्या वेळाने कोमट पाण्याने माझं अंग पुसत, डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवत, बार्लीचं पाणी चमच्याने पाजत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवत. मी हे शेकडो वेळा केलं होतं, पण पुसताना हात गार असला तर किती शिरशिरी भरते, ते मला कुठे माहीत होतं? नव्या नर्सना मी आजही सांगते, आधी आपले तळवे एकमेकांवर चोळा आणि मगच आजाऱ्याला हात लावा.

दुसऱ्या आठवड्यात मी बरळू लागले. डेलिरिअम म्हणजे तापातला भ्रम. मी म्हणे आडवं पडून मोठ्याने बेडपॅन मोजत होते. त्याच दिवसांत मेट्रनबाईंनी, म्हणजे आम्हा नर्सांच्या मुख्य बाईंनी, माझे केस कापायला सांगितले. केसांचा गुंता झाला होता, ते तसेही झडणार होते आणि बर्फाची पिशवी नीट बसत नव्हती. आमच्या इस्पितळात ही नेहमीचीच गोष्ट. आयाने कात्री चालवली आणि उरलेलं डोकं तासून काढलं.

माय गावाहून आली ती नेमकी दुसऱ्या दिवशी. तिने माझं डोकं पाहिलं आणि दारातच खाली बसली. मग उठून आली, आपल्या पदराने माझं डोकं झाकलं आणि सगळ्या वॉर्डाकडे पाठ करून बसली. तिच्या कमरेला एक पुरचुंडी होती. त्यात भाकरी आणि ठेचा होता. पोरगी पाण्यावर पडली आहे, म्हणून उठत नाही, असा तिचा हिशेब. डॉक्टरांनी ती पुरचुंडी पाहिली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. "बाई, हिच्या आतड्यात आत्ता जखमा आहेत," ते म्हणाले. "कपडा विरला की बोट लागताच फाटतो ना, तसं आतडं झालं आहे. हा एक घास हिला मारील. मी सांगेपर्यंत काही देऊ नका." याला परफोरेशन म्हणतात, म्हणजे आतड्याला भोक पडणं, आणि ते झालेला माणूस तेव्हा सहसा वाचत नसे. माय त्या भाकरीवर स्वतः जेवली नाही. तिने ती बाहेर गाईला घातली.

ताप उतरला. एका सकाळी मला भूक लागली आणि मी रडले, कारण ती भूक तापातली नव्हती, खरी होती. ताकाची निवळी, मग पेज, मग मऊ भात. पाय काड्यांसारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, घरी जा, खा, आणि वर्गाच्या आधी मला दाखवून जा. मेट्रनबाई म्हणाल्या की जागा वर्ग सुरू होईपर्यंत धरून ठेवते, पुढे नाही. जळगावच्या एका मुलीला त्यांनी तयार राहायला सांगितलं होतं.

पारोळ्यापर्यंत सर्व्हिस मोटारीने आणि पुढे बैलगाडीने मी गावी आले. गाडी वेशीत शिरताना वाऱ्याने पदर सरकला. मायने लगेच सावरला, पण तेवढ्यात विहिरीवरच्या बायांनी बघायचं ते बघून घेतलं होतं.

आता इथे गंमत अशी की आमच्या जातीत विधवेचे केस काढायची चाल नाही. विधवा पाट लावते, दुसरा संसार करते. डोक्याची हजामत करतात ती ब्राह्मणांच्या विधवेची, एवढं गावाला ठाऊक. तेव्हा गावाने सरळ हिशेब मांडला. ही पोर इतकी वर्षं धुळ्यात, तिथे सगळे डॉक्टर बामण, हिचं डोकं तासलेलं. म्हणजे हिने बामण डॉक्टरशी लपून लग्न केलं आणि तो मेला.

लहानपणी मला देवी आल्या होत्या. चेहऱ्यावर वण राहिले, जमत आलेली दोन स्थळं मोडली, म्हणून तर पारोळ्याच्या मास्तर मामांनी मला शिकवून धुळ्याला पाठवलं होतं. जे लग्न माझ्या घरच्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते गावाने दोन दिवसांत उरकलं आणि नवऱ्यालाही पोचवून दिलं.

बाया भेटायला येऊ लागल्या. मला वाटलं आजारपणाची विचारपूस. पण त्या येत, मायच्या गळ्यात पडून रडत आणि ताप किती होता ते कोणीच विचारत नसे. शेजारच्या भागाअक्काने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे माय, तो सुटना. तू आते मन घट्ट कर." कोण सुटला, मी विचारलं. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे फार समजुतीने पाहिलं. मग मायला विचारलं, तेव्हा कळलं. मी हसले. माय हसली नाही.

आबा, माझे वडील, सगळं ऐकून गप्प होते. पारोळ्याच्या बाजारात कोणीतरी त्यांना मेलेल्या जावयाचं नाव विचारलं होतं. ते घरी आले, बैल सोडले, हातपाय धुतले आणि ओट्यावरूनच मला म्हणाले, "आते तठे जावानं नही." मी म्हटलं, हे सगळं खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी वर्गाचं सांगितलं, जागेचं सांगितलं, मिडवाइफरीशिवाय तीन वर्षं फुकट जातील हेही सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. मला फार राग आला. तापातून वाचून आले ती काय ओट्याच्या आत बसायला, असं वाटलं.

तोड मायने काढली. डॉक्टरांनी दाखवायला सांगितलंय, पोरीचं हृदय तपासायचंय, एवढंच तिने धरून ठेवलं. टायफॉइडनंतर हृदय अशक्त होतं हे खरंच आहे. आबांना नाही म्हणता येईना. दाखवून परत आणतो, असं सांगून ते माझ्याबरोबर मोटारीत बसले.

धुळ्याला डॉक्टरांनी मला तपासलं. छाती ऐकली, नाडी पाहिली, जिना चढायला लावून पुन्हा नाडी पाहिली. आबा भिंतीशी उभे. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, डॉक्टरांवर होती. पांढऱ्या मिशा, कोटाच्या गुंड्या पोटावर ताणलेल्या, कपाळावर गंध. "हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर आबांना म्हणाले. "पाटील, हिला औषधाने वाचवलं असं समजू नका. मी काय दिलं? पाणी. हिच्या बरोबरच्या मुलींनी दिवसरात्र अंग पुसलं, कुशीवर वळवलं, म्हणून ही तुम्हाला परत मिळाली. हे काम ज्याला हलकं वाटतं त्याने एकदा आजारी पडावं."

बाहेर बाकावर आल्यावर आबांनी हळूच विचारलं, "आठला बामन डॉक्टर हाऊच का?" मी म्हटलं, हो, आमच्या वॉर्डाला हे एकच आहेत. आबांनी वळून दाराकडे पाहिलं. "हाऊ ते चांगला जित्ता शे," ते म्हणाले. आणि मग त्यांना हसू आलं. मुंडाशाचं टोक तोंडात धरून ते इतके हसले की बाकावरचे पेशंट सरकून बसले.

मी आधी हसले आणि मग मला कळलं की आबांनाही ते खरं वाटलं होतं. म्हणजे इतके दिवस ओट्यावर गप्प बसून हा माणूस स्वतःच्या मनात माझ्या नवऱ्याचं सुतक पाळत होता. राग यायला हवा होता, आलाही थोडा. पण जास्त करून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

मला वाटलं, झालं. झालं नव्हतं. मेट्रनबाई म्हणाल्या, तू कॅरिअर नाहीस हे सिद्ध होईपर्यंत तुला बाळंतिणींत घेता येणार नाही. कॅरिअर म्हणजे जो स्वतः बरा झाला पण ज्याच्या पोटात जंतू राहिले आणि तो ते दुसऱ्यांना देत फिरतो. त्यासाठी शौचाचे नमुने पुण्याला पाठवायचे आणि ते लागोपाठ तीन वेळा स्वच्छ यायला हवेत. एकदा जरी जंतू निघाले तर जागा जळगावच्या मुलीची. त्यांचा नियम बरोबर होता. ओल्या बाळंतिणीजवळ असं माणूस ठेवू नये हे मीही परीक्षेत लिहिलं होतं. पण बरं वाटत असताना आपलं शरीर आपल्याला न सांगता काय घेऊन फिरत असेल, या विचाराने माझी झोप उडाली. त्या दिवसांत मी कोणाच्या भांड्याला हात लावला नाही.

आबा परत गेले नाहीत. शेतात कापूस वेचणीला आला होता, तरी धर्मशाळेत राहिले. रोज सकाळी येऊन बाकावर बसत. पहिला रिपोर्ट स्वच्छ आला, दुसराही आला. तिसऱ्याला उशीर झाला आणि इकडे वर्ग सुरू व्हायची सकाळ उजाडली. मुली वर्गाच्या दारावरच्या पाटीखालून एकेक आत जात होत्या आणि जळगावची मुलगीही वऱ्हांड्यात येऊन उभी होती. ती बिचारी माझ्याकडे बघतही नव्हती.

टपाल आलं. मेट्रनबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं आणि मला म्हणाल्या, "निगेटिव्ह. तिन्ही. पहिला महिना फक्त व्याख्यानं ऐक, वॉर्ड नको. पुढच्या खेपेला या जळगावच्या मुलीचा नंबर पहिला." निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत. इतका चांगला शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

ज्या कोणाला हा ताप येईल, किंवा ज्यांच्या घरात येईल, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की बरं होणं एका दिवसात होत नाही. ताप उतरतो, मग पायांत बळ येतं, मग लोकांची तोंडं बंद व्हायची वाट पाहावी लागते, मग रिपोर्टाची. माझी पाठ वळवणाऱ्या त्या मुलींचं ऋण माझ्या डोक्यावर आहे आणि ते मला कधीच उतरवायचं नाही.

त्या सकाळी मेट्रनबाईंकडून बाहेर आले तेव्हा मला रडू आवरेना. आबा बाकावरून उठले. माझं तोंड पाहून त्यांना वाटलं, गेली जागा. मोठी झाल्यापासून ज्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं त्यांनी माझ्या डोक्यावर, नुकत्या उगवलेल्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाले, चल, घरी जाऊ, काही बिघडत नाही.

मी म्हटलं, आबा, रिपोर्ट चांगला आहे. मला घेतलंय.

त्यांनी हात काढला. दाराकडे पाहिलं. शेवटची मुलगी आत जात होती.

"मंग रडस कसाले?" ते म्हणाले. "जाय लवकर. तुनी जागावर दुसरी कोनी बसी जाई."